मोसमाआधीचा दौरा: सोलापूरच्या टीममागे मिरज-कोल्हापूरला जायचं तर

खालच्या गटातल्या फुटबॉल टीमचा मोसमपूर्व दौरा ही स्पर्धा नसते, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. कप नाही, गुण नाहीत, निकाल कुठल्याही तक्त्यात चढत नाही. कोचला वीस-बावीस पोरांतून अकरा निवडायचे असतात, आणि परक्या मैदानावर, अनोळखी टीमसमोर कोण टिकतो हे बघायचं असतं. ज्याला फक्त जिंकलेलं बघायचंय त्यानं लीग सुरू होईपर्यंत घरी थांबावं. टीम घडताना बघायची असेल, तर वर्षातली हीच एक संधी.

इंग्लंडमध्ये हा प्रकार चांगला मुरलेला आहे. तिथल्या वरच्या चार विभागांत मिळून ९२ क्लब. मोसम ऑगस्टमध्ये सुरू होतो, म्हणून जुलैभर सराव सामने चालतात आणि लीग टूसारख्या चौथ्या विभागातले क्लबही आठवडाभर बाहेरदेशी जाऊन येतात. त्यांच्यामागे त्यांचे चाहते जातात. आपल्याकडचं उदाहरण हवं तर ब्लॅकबर्न रोव्हर्स. पुण्याच्या वेंकीज कंपनीने नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब घेतला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये टीम पुण्याला येऊन पुणे एफसीशी खेळून गेली. तो दौरा मोसमाच्या मधलाच होता आणि तेव्हा ते प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या विभागात होते. पुढच्याच वर्षी ते खाली घसरले आणि २०१७ मध्ये तर थेट तिसऱ्या विभागात गेले. मोठ्या क्लबचा दौरा जाहिरातीसाठी असतो. छोट्या क्लबचा दौरा खरोखर सरावासाठी असतो, म्हणून बघणाऱ्याला तोच जास्त देऊन जातो.

या लेखात धरलेली टीम सोलापूरची, जिल्हा पातळीवर खेळणारी. दौरा दोन दिवसांचा, एक सामना मिरजेत आणि एक कोल्हापुरात. पुणं, मुंबई किंवा गोव्यालाही बहुतेक गोष्टी अशाच लागू पडतात.

कधी जायचं

सोलापूर पर्जन्यछायेत. वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, कोल्हापूर शहरात त्याच्या जवळजवळ दुप्पट. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे मैदान खेळण्याजोगं असतं, म्हणून उत्साहात तारीख काढली जाते आणि तिकडे पंचगंगेला पाणी आलेलं असतं. २०१९ च्या पुरात पुणे-बंगळूरू महामार्ग कोल्हापूरजवळ बंद पडला होता आणि २०२१ मध्येही तीच गत झाली. पावसाळ्यात जायचंच असेल तर कोल्हापूरकर बघतात ते बघा: राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. इशारा पातळीच्या आसपास आकडा दिसला की दौरा पुढे ढकला, वाद घालू नका.

कोल्हापूरचा स्वतःचा फुटबॉल मोसम पाऊस सरल्यावर, हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. त्यामुळे ऑक्टोबरच्या आसपास तिथल्या टीमही सरावाला सामने शोधत असतात आणि बोलणी सोपी जातात. पण याच काळात तीन अडथळे येतात. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला लोटणाऱ्या गर्दीमुळे कोल्हापुरात लॉज मिळत नाही आणि मिळालाच तर दर वाढलेले. कोजागरीला तुळजापूरच्या वाटेनं चालणाऱ्यांमुळे सोलापूरचे रस्ते भरतात. कार्तिकी एकादशीच्या आगेमागे मंगळवेढा, सांगोला, मोहोळ या सगळ्या बाजूंनी पंढरपूरची वाहनं असतात. तारीख ठरवणाऱ्यासमोर आधी पंचांग ठेवा, सामन्यांच्या वेळापत्रकाचं नंतर बघू.

आधी परवानगी, मग बुकिंग

टीम तुमच्या ओळखीची असली तरी विचारल्याशिवाय मागे जाऊ नका. कोच किंवा सेक्रेटरीला फोन करा आणि स्पष्ट विचारा: "सर, आम्ही सात-आठ जण येतोय, चालेल ना?" काही सराव सामने मुद्दाम प्रेक्षकांविना ठेवलेले असतात, कारण कोचला नवी रचना कुणाला दाखवायची नसते. नाही म्हणाले तर विषय संपला.

हो म्हणाले तर तीन गोष्टी विचारून लिहून ठेवा: मैदान कोणतं, खेळ किती वाजता, आणि यजमान टीमकडून बोलायला कोण. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. सराव सामन्याचं मैदान आदल्या दिवशीसुद्धा बदलतं. पालिकेचा कार्यक्रम लागतो, शाळेची परीक्षा निघते, पाऊस पडून चिखल होतो. अशा वेळी तुमच्या कोचचा फोन लागणार नाही, कारण तो त्याच गोंधळात असेल. यजमानांकडचा एक माणूस माहीत असला की काम भागतं.

म्हणून लॉज अशा ठिकाणी घ्या जिथे बुकिंग रद्द केलं तर पैसे परत मिळतात, आणि पूर्ण पैसे शेवटच्या आठवड्यातच द्या. मैदान तोंडी ठरलं म्हणजे ठरलं असं धरून आगाऊ पैसे भरणारे दरवर्षी भेटतात.

टीममध्ये अठराच्या आतली पोरं असतील तर त्यांच्या पालकांचं संमतीपत्र कोचकडे असायलाच हवं. ती जबाबदारी क्लबची, पण गाडी तुमची असेल तर ते पत्र बघितल्याशिवाय पोराला गाडीत बसवू नका. मुलींची टीम असेल तर सोबत जबाबदार बाई असणं ही पहिली अट.

गाडी

सोलापूर ते कोल्हापूर रस्ता साधारण २४० किलोमीटर. देगाव, तिऱ्हे, बेगमपूरला भीमा ओलांडून मंगळवेढा, पुढे सांगोला, कवठेमहांकाळ, मिरज आणि कोल्हापूर. रत्नागिरी-नागपूर महामार्ग बराचसा चौपदरी झाल्यापासून हा प्रवास पूर्वीसारखा कंटाळवाणा राहिलेला नाही. चहा-नाश्ता धरून पाच तास ठेवा. ड्रायव्हर चार म्हणेल, तरी पाचच धरा.

कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज अशी रेल्वेनंही जाता येतं. दोघे-तिघेच असाल तर तो मार्ग स्वस्त आणि आरामाचा, फक्त परतीच्या गाडीची वेळ सामन्याच्या वेळेशी जुळते का ते आधी बघा. पुण्याचा दौरा असेल तर मात्र रेल्वेच. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचं, संध्याकाळच्या हुतात्मानं परतायचं, मध्ये एक सामना निवांत होतो. टीमच्या किटबॅगा, बॉलची जाळी आणि पाण्याचे जार घेऊन कुर्डुवाडीला गाडी बदलायची वेळ येणार असेल, तर माझं मत सरळ रस्त्यानं जाण्याचं.

आठ-नऊ जण असतील तर क्रूझर, त्याहून जास्त असतील तर टेम्पो ट्रॅव्हलर. भाड्याचा हिशेब नीट समजून घ्या, कारण इथेच पैसे जातात. बाहेरगावच्या भाड्याला बहुतेक गाडीवाले दिवसाला ठरावीक किमान किलोमीटर धरतात, बहुधा ३००. दोन दिवसांचे झाले ६००. जाऊन-येऊन ४८० आणि गावातलं फिरणं धरून तुमची गाडी ५२० चालली, तरी पैसे ६०० चेच द्यायचे. म्हणजे ऐंशी किलोमीटर तुमच्या खिशातून गेलेलेच आहेत, ते वापरा. जोतिबाला जाऊन यायचं असेल तर गाडीचं भाडं वेगळं पडत नाही. गडहिंग्लजचं मैदान बघायची हौस असेल तर ते साठ-सत्तर किलोमीटर लांब, जाऊन-येऊन हिशेबाबाहेर जातं. तरी फुटबॉलवेड्यानं आयुष्यात एकदा बघावं असं ते गाव आहे. दिवाळीत तिथे स्पर्धा भरते तेव्हा गाव मैदानावरच असतं.

भाड्यात काय धरलंय ते व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या: डिझेल, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता, रात्रीचा मुक्काम. गाडी पिवळ्या नंबरप्लेटची, प्रवासी परवान्याचीच घ्या. ओळखीतली पांढऱ्या प्लेटची गाडी स्वस्तात मिळते. पण भाडं घेऊन ती चालवणं बेकायदा, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

माणशी वर्गणी काढताना सीट मोजू नका, नक्की येणारी डोकी मोजा. सतरा सीटची गाडी ठरली आणि पंधरा जण "येतो" म्हणाले, तर भागाकार तेराने करा. दोघे आदल्या रात्री गळतातच. सगळे आले तर उरलेल्या पैशात चहा होतो.

डब्यात काय, पिशवीत काय

सोलापूरकरांना या बाबतीत कुणी शिकवायला नको. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या. दोन दिवस काय, दोन आठवडे टिकते, आणि सकाळी सहाला गाडीत भूक लागली की भाकरी मोडून चटणी लावून खाता येते. दही मिळालं तर मंगळवेढ्यात घ्या.

ही शिदोरी चाहत्यांची. खेळणाऱ्या पोरांना सामन्याच्या सकाळी त्यातलं तिखट देऊ नका, आणि कोल्हापुरात उतरल्या उतरल्या मिसळीच्या टपरीवर तर अजिबात नेऊ नका. पोटभर जेवण सामन्याच्या तीन तास आधी, साधं: भात-वरण, पोळी, कमी तेलाची भाजी. नंतर एखादं केळं. मिसळ, तांबडा-पांढरा सगळं शिट्टी वाजल्यानंतर. पोरं हट्ट करतील, तुम्ही बधू नका.

पिशवीत ओआरएसची पाकिटं ठेवा. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, छोटं २०० मिलिलिटरमध्ये, पूर्ण पाकीट एकदम. अर्धं पाकीट ग्लासात टाकून चमच्यानं ढवळणारे शहाणे प्रत्येक टीममध्ये असतात, त्यांच्या हातात पाकीट देऊ नका. शिवाय चिकट बँडेज, क्रेप बँडेज, स्वच्छ टॉवेल आणि बर्फासाठी थर्मास. घोटा मुरगळला तर बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं धरायचा, थेट कातडीवर नाही. डोक्याला मार लागला आणि पोरगं गोंधळल्यासारखं बोलत असेल तर त्यानं "मी बरा आहे" म्हटलं तरी त्या दिवशी परत मैदानात जाऊ द्यायचं नाही. १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा. कोल्हापुरात सरकारी सीपीआर रुग्णालय शहराच्या मध्यातच आहे.

बुटांचं एक. आपल्या पोरांना मुरमाड, कडक मैदानाची सवय, त्यामुळे बहुतेकांचे स्टड (बुटाच्या तळाचे खुंट) आखूड आणि रबरी. मिरज-कोल्हापूरकडे पावसानंतर गवत ओलं आणि माती मऊ. पहिल्या दहा मिनिटांत आपले डिफेंडर घसरताना दिसतील आणि कडेला उभा असलेला माणूस "पोरं घाबरली" असं म्हणेल. पोरं घाबरलेली नसतात, बूट चुकलेले असतात. निघण्याआधी कोचच्या कानावर एवढं घाला की ज्यांच्याकडे लांब स्टडचे बूट आहेत त्यांनी ते सोबत घ्यावेत.

मैदानावर कसं वागायचं

कोल्हापूरचा फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, ही नावं तिथल्या लहान पोरालाही पाठ. कुस्तीच्या तालमी होत्या, त्यांच्याच फुटबॉल टीम झाल्या. शाहू स्टेडियमवर लीगचा सामना असतो तेव्हा दोन पेठांमधली ईर्षा गॅलरीत ऐकू येते. सोलापुरातून गेलेल्या माणसानं त्या ईर्षेत पडायचं कारण नाही. कुठल्या तालमीचा रंग कोणता हे आधी विचारून घ्या आणि समोरच्यांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या रंगाचा टीशर्ट घालून जाऊ नका. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तिथे किरकोळ नाही.

पोचल्यावर यजमानांच्या वडीलधाऱ्या माणसाला जाऊन भेटा, "नमस्कार दादा, सोलापूरहून आलोय" एवढं म्हणा. पुढची सोय आपोआप होते. बसायला जागा आणि चहा तर मिळतोच, पण समोरच्या टीममधला कोण कुठे खेळतो याची माहितीही मिळते.

ओरडा, पण आपल्या पोरांच्या नावानं. रेफरीवर तोंड टाकू नका. सराव सामन्याला तो बहुतेक वेळा दोस्तीखातर आलेला असतो. साइडलाइनवरून "पास दे, शूट मार" अशी कोचिंग बंद ठेवा. कोच एकाला मुद्दाम चुकू देत असतो, ते तुम्हाला बाहेरून कळत नाही.

काय बघायचं

स्कोअर लिहायचा तर लिहा, पण तो कोपऱ्यात. सराव सामन्यात नियम थोडे सैल असतात. किती बदली खेळाडू उतरवायचे हे दोन्ही टीमनी आपसात ठरवून सामन्याआधी रेफरीला सांगितलं की जास्त बदल करता येतात. काही वेळा ४५ मिनिटांच्या दोन सत्रांऐवजी तीस-तीस मिनिटांची तीन सत्रं खेळतात. त्यामुळे ४-१ ने हरलो असं दिसतं तेव्हा चारपैकी तीन गोल कुणावर झाले हे बघावं लागतं. ते तिसऱ्या सत्रात, ट्रायलवर, म्हणजे आजमावून बघायला बोलावलेल्या गोलकीपरवर झालेले असू शकतात.

पाठीवर नंबर नसतात, असले तर दोघांच्या पाठीवर एकच सात. म्हणून वहीच्या पानावर मैदानाची चौकट आखा, अकरा टिंबं काढा आणि प्रत्येकापुढे बुटाचा रंग लिहा: हिरवे बूट, पांढरे बूट, टेप लावलेला डावा पाय. वॉर्मअपमध्येच हे करून ठेवा, खेळ सुरू झाला की जमत नाही. बदली झाली की टिंबापुढे मिनिट टाका. सामना संपताना पानावर जो नकाशा उरतो तो कुठल्याही निकालापेक्षा जास्त सांगतो.

मग या गोष्टींकडे डोळा ठेवा. पहिल्या सत्रात कोण खेळला आणि दुसऱ्या सामन्यातही पहिल्याच सत्रात कोण आला. जो दोन्ही वेळा आला तो कोचच्या मनात पक्का. कॉर्नर आणि फ्री किक कोण घेतो. गोलकीपर बॉल लांब मारतो की जवळच्या डिफेंडरला देतो, आणि डिफेंडरनं चूक केल्यावरही पुन्हा त्यालाच देतो का. नेहमीच्या जागेवर नसलेला खेळाडू कोण: आपला उजवा बॅक (उजव्या कडेचा डिफेंडर) मधोमध खेळताना दिसला तर कोचला तिथे माणूस कमी पडतोय. आणि बॉल नसताना कोण बोलतोय. गर्दी नसलेल्या मैदानावर प्रत्येक हाक ऐकू येते. लीगमध्ये हे ऐकायला मिळत नाही, म्हणून तोंड बंद ठेवून दहा मिनिटं गोलच्या मागे उभे राहा. "मागे बघ", "वेळ आहे", "सोड त्याला", कोण सांगतो आणि कोण ऐकतो, यावरून टीमचा खरा कॅप्टन कळतो. दंडावर पट्टी असलेलाच तो असेल असं नाही.

फोटो आणि नावं

ट्रायलवर आलेल्या पोरांची नावं स्टेटसला टाकू नका. इंग्लंडमधले क्लबसुद्धा टीमशीटवर नाव न देता नुसतं "ट्रायलिस्ट" लिहितात, त्याला कारण आहे. त्या पोराची नोंदणी अजून दुसऱ्या क्लबकडे असू शकते आणि तिथे कळलं तर त्याचं इकडचंही जातं आणि तिकडचंही. टीमची रचना दिसेल असा व्हिडिओ कोचला विचारूनच टाका. अठराच्या आतल्यांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय नाहीच.

मुक्काम आणि परतीचा रस्ता

टीम शाळेच्या हॉलमध्ये किंवा धर्मशाळेत उतरली असेल तर तुम्ही वेगळीकडे उतरा. कोल्हापूरच्या सेंट्रल बसस्टँडच्या आजूबाजूला लॉज भरपूर. रात्री खेळाडूंना जेवायला, फिरायला नेऊ नका. त्यांना दुसऱ्या दिवशी खेळायचंय, तुम्हाला फक्त बघायचंय. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी टीमच्या नजरेआड घ्यावी, आणि ड्रायव्हरला त्यात ओढू नये.

दुसरा सामना शक्यतो सकाळचा मागा. संध्याकाळी सहाला कोल्हापूर सोडलं तर सोलापूरला पोचायला अकरा वाजतात, सांगोल्याच्या पुढे रस्ता सरळसोट आणि दोन दिवस पळालेला ड्रायव्हर पेंगतो. सकाळचा सामना, दुपारचं जेवण आणि दोनला निघणं, म्हणजे रात्री आठच्या आत सोलापुरात सात रस्ता चौकात उतरता. संध्याकाळचाच सामना मिळाला तर एक मुक्काम वाढवा आणि तो खर्च आधीच वर्गणीत धरा.

परतताना गाडीत एखादं पोरगं असेल तर त्याला "सिलेक्शन झालं का रे?" असं विचारू नका. त्यालाही माहीत नसतं. खेळावरचं बोला, तो सांगेल तेवढं ऐका.

हिशेब सांगोला सोडायच्या आत मांडा. बिलांचे फोटो ग्रुपवर, जमा-खर्च एका मेसेजमध्ये, कुणाचे किती निघतात ते नावासकट. पैसे उरले असतील तर परत करायचे की लीगच्या पहिल्या सामन्याच्या पाण्याला ठेवायचे, हेही गाडीतच हात वर करून ठरवा. एकदा घरी पोचले की त्या मेसेजला अंगठ्यापलीकडे कुणी उत्तर देत नाही.